दिवाळीनंतर येणार होते, त्याबद्दल

बंगळुरू, रविवार रात्र

ति. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

फोनवरच सांगणार होते. पण बाबा 'काय? काय?' करत फोन तुझ्याकडे देतात आणि आई, तुझा आवाज भरून आला की मला पुढचं बोलवत नाही. दिवाळीनंतर नाशिकला कायमची येणार होते, ते तीन वर्षं लांबलं. इथल्या निम्हान्समध्ये, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत, व्यसनांवरच्या संशोधनाचं काम मिळालं, मी होकार कळवून टाकला. आधी विचारलं असतं तर तुम्ही मन मारून 'जा' म्हणाला असतात, ते मला नको होतं. पगारही तिकडच्या नोकरीपेक्षा कमी नाही. खरंच नाही.

कारण भाऊकाका. शेवटच्या वर्षी ते सांगायचे, "सकाळीच गंगेवर जाऊन आलो, अण्णा भेटला." अण्णा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आपण त्यांना खोटारडे म्हणायचो, मी तर तोंडावर म्हणाले. आई, ते खोटं बोलत नव्हते. वर्षानुवर्षं दारू आणि ताट तसंच परत, मग शरीराला बी-1 जीवनसत्त्व मिळणार कुठून? थोडंफार पोटात जातं तेही दारू आतड्यातून नीट शोषू देत नाही. त्याने मेंदूतले आठवणींचे भाग निकामी होतात आणि राहिलेल्या फटी मेंदूच गोष्टी रचून बुजवतो. सांगणाऱ्याला त्या खऱ्याच वाटतात. कोर्साकोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने 1887 मध्येच हे लिहून ठेवलंय. सुरुवातीलाच बी-1ची इंजेक्शनं दिली तर पुष्कळ वाचवता येतं. आपल्याला कुणी सांगितलंच नाही. बाबा, यात तुमची काही चूक नाही. मध्यरात्री तुम्ही त्यांना स्कूटरवर धरून आणायचात, मी गॅलरीतून बघायचे.

माझी काळजी करू नका. खोलीपासून काम दहा मिनिटं चालत. खाली एक काकू पोळ्या करून देतात, मऊ असतात. पांघरायला तुझी गोधडी आहे. अजून त्या निळ्या ठिगळावर गाल टेकल्याशिवाय झोप येत नाही.

आता बाबा, ऐका. याच आठवड्यात कान तपासून घ्या. 'वय झालं, चालायचंच' म्हणायचं नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली आहेत, कमी ऐकू येणं त्यातलंच एक. मशीन लागलं तर लावा, केसांत दिसतही नाही.

आणि तंबाखू. रागवू नका. सोडवत नाही म्हणजे तुमचा निश्चय कच्चा, असं मी कधीच म्हणणार नाही. मेंदूला निकोटीनची सवय लागलेली असते. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल, मग हळूहळू ओसरेल. 1800-11-2356 हा सरकारी नंबर फुकट आहे, आईला लावून द्यायला सांगा. आई, तू मात्र त्या दिवसांत टोमणे मारायचे नाहीत, पुडी लपवायची नाही. त्यांची त्यांना टाकू दे.

संक्रांतीला चार दिवस येतेय. तिकीट काढलंय.

तुमची,
चिमी

ता. क. भाऊकाकांचा चष्मा माळ्यावरच्या पेटीत आहे. टाकू नका, मी घेऊन जाईन.