विमान का अडकले, याचीही नोंद हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फ्रान्सशी २८ एप्रिल २०२५ रोजी झालेल्या करारानुसार नौदलाला विमानवाहू नौकेवरून उडणारी २६ राफेल-एम लढाऊ विमाने मिळणार आहेत आणि त्यांच्या सामर्थ्याविषयी भरपूर लिहून आले; परंतु दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदल तळावरील मिग-२९के या लढाऊ विमानांच्या अनुभवातून काय शिकावे, याची चर्चा फारशी झाली नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१६ च्या अहवालानुसार मिग-२९केची उड्डाणसज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांच्या दरम्यान होती आणि ६५ पैकी ४० इंजिने रचनेतील दोषांमुळे सेवेतून काढावी लागली होती.

ही टक्केवारी विमान उभे असल्याचे सांगते, ते दुरुस्ती चालू असल्यामुळे उभे आहे की सुटा भाग न आल्यामुळे, हे सांगत नाही. पहिल्याचा इलाज हँगरमध्ये होतो, दुसऱ्याचा भांडारात आणि खरेदीच्या फायलीत.

विमान देखभालीत उमेदीची वर्षे घालवलेला मी, एक गोष्ट वारंवार पाहत आलो. भाग मिळेना की शेजारी अडकलेल्या विमानाचा काढून बसवायचा. त्या दिवशीचे उड्डाण होते, पण काम दुप्पट होते आणि ही उसनवारी भांडाराच्या नोंदीत न उतरल्यामुळे त्या भागाची खरी मागणी कोणालाच कळत नाही. शिवाय उतरवलेल्या भागात कार्यशाळेला दोषच सापडला नाही, असेही घडते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या भागाचे उड्डाणतास, तो उतरवण्याचे कारण, कार्यशाळेचा निष्कर्ष आणि बदली भागासाठी लागलेले दिवस हे सारे एकाच क्रमांकाखाली, एकाच संगणकीय नोंदीत असावे. गोव्यात तर खाऱ्या वाऱ्यामुळे आणि पावसाळ्यातील दमटपणामुळे विमान उडो वा न उडो, गंज चढतच राहतो; केवळ उड्डाणतासांवर बेतलेला सुट्या भागांचा अंदाज इथे चुकणारच.

गोपनीय आकडे जाहीर करावेत, असे माझे म्हणणे नाही. मात्र नव्या करारात कामगिरीवर आधारित देखभाल-पुरवठ्याची, म्हणजे विमाने उड्डाणसज्ज ठेवण्याची जबाबदारी पुरवठादारावर टाकणारी, तरतूद आहे. विमान उभे राहिलेले तास पुरवठादाराच्या खात्यावर लिहायचे की आपल्या, हा वाद उद्भवल्यास तो नौदलाला स्वतःच्या नोंदींवरून सोडवता यावा आणि त्याची तयारी पहिले विमान येण्यापूर्वीच व्हावी.

आपला,
एक निवृत्त विमान तंत्रज्ञ,
वास्को-द-गामा, गोवा