कुणकेश्वरला चालत जाणार म्हणतो

देवगड, रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

दोन वर्षांत पत्र नाही, फोनवर नुसतं 'बरा ना?' शिव्या घालून घे. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर तशीच.

दादा महाशिवरात्रीला निर्जळी उपास धरून कुणकेश्वरला चालत जायचं म्हणतो. दुसरा कुणी ऐकेल तर म्हणेल, चांगलंच आहे की! पण 'महादेवाने बोलावलंय' म्हणत कमरेएवढ्या पाण्यात उभा असलेला दादा तू पाहिलायस. बॅटरी तुझ्याच हातात होती.

गोळ्यांनी डोकं ठिकाणावर आणलं, पण नंतर वर्षभर नुसता माजघरात पडून. दुकानात कुणी ठेवेना. शेवटी गुरवकाकांनी देवळाची किल्ली दिली. तेव्हापासून पहाटे उठून झाडतो, दिवाबत्ती करतो. तरी पूजेला अर्धा तास जास्त लागला की माझ्या पोटात गोळा येतो. भक्ती, की पुन्हा तेच? डॉक्टर म्हणाले, पूजा मोजू नका, झोप मोजा. म्हणून रात्री तीनला उठून त्याचं घोरणं ऐकतो. बायको म्हणते, आधी स्वतःची झोप मोजा.

त्यात तो लिथियमवर, म्हणजे डोकं ठिकाणावर ठेवणाऱ्या त्या गोळ्यांवर. अंगातलं पाणी नि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठत जातं. हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो. गेल्या तपासणीत रक्तात ०.८ होतं, म्हणजे बेतात. उन्हात कोरडा चालला तर?

पण 'नको' म्हणायला माझं तोंड कुठलं? देवाला पाकळ्या लावून कौल मागितला, उजवी पडली म्हणून त्याच्या गोळ्या बंद करणारा मीच. 'पाकळी एमडी झालीय काय?' म्हणून तू पानावरून उठलास, सोलकढीसुद्धा प्यायला नाहीस. पाकळीचा दोष नव्हता रे. मला हवं तसं मीच विचारलं होतं.

काल गुरवकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी दादाला पुढ्यात बसवून गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, ह्या लेकराचो उपास गोड मानून घे, पाण्याचो दोष तेका लावू नको." आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं. दादा गप्पच. मग काका म्हणाले, "अरे, देव दिसभर अभिषेकाखाली, नि तू रे सुको?" तेव्हा हसला.

पाणी पिईन म्हणतो. चालण्याचं डॉक्टरांना विचारायचंय अजून.

नवी नोकरी कशी? पोराची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

शिवरात्रीला येतोस? तो तुझं ऐकतो. सोलकढी करायला सांगतो.

तुझा,
आबा