महाडचा खटला आमच्या वर्गात आणणाऱ्या वकीलसाहेबांस

आदरणीय वकीलसाहेब,
सादर नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर आपण आमच्या दहावीच्या मुलांसाठी जो वेळ दिलात, त्याबद्दल शाळेने आपला शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. सत्काराच्या भाषणांत आपल्या वयाचा, उत्साहाचा आणि समाजसेवेचा उल्लेख झाला. आपण वर्गात नेमके काय केलेत, हे मात्र कोणी सांगितले नाही. ते इतर शाळांतील इतिहासशिक्षकांनाही कळावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

दहावीच्या राज्यशास्त्रात सामाजिक व राजकीय चळवळींवर स्वतंत्र प्रकरण आहे. शेतकरी, आदिवासी, कामगार, स्त्रिया, पर्यावरण, ग्राहक अशा सर्वांच्या चळवळी त्यात थोडक्यात येतात, आणि मुले त्या ‘टीप लिहा’ या प्रश्नाच्या बेताने वाचतात. चवदार तळ्याचा सत्याग्रह तर त्यांना आधीपासून ठाऊक असतो : २० मार्च १९२७, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ओंजळभर पाणी. आपण पहिल्याच शनिवारी फळ्यावर दोन वर्षे लिहिलीत, १९२३ आणि १९३७, आणि त्यांच्यामधली जागा मुलांना भरायला सांगितलीत.

ती जागा भरताना मुलांच्या हाती जे लागले, ते कोणत्याही टिपेत मावणारे नव्हते. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ सालचा. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून आपले तळे खुले केल्याचा ठराव १९२४ सालचा. म्हणजे कागदोपत्री तळे तीन वर्षे खुले होते आणि तरीही तेथे पाणी भरायला कोणी अस्पृश्य मनुष्य धजावत नव्हता. परिषद भरली, हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याची अफवा उठून परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. वर्गात सर्व समाजांतील मुले बसलेली असल्यामुळे या घागरींपाशी आले की आम्ही शिक्षक बहुधा पान उलटतो. आपण उलटले नाहीत आणि आवाजही चढवला नाहीत. कोणी काय केले ते दाव्यातील घटनाक्रम सांगावा तसे सांगितलेत, आणि मुलांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो डिसेंबर १९२७ चा शनिवार. सनातनी मंडळींनी दिवाणी न्यायालयात दावा लावून १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता, आणि २५ तारखेला सत्याग्रह परिषद भरायची होती. परिषदेसाठी कोणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांच्या जागेवर मांडव पडला. हजारो सत्याग्रही तुरुंगात जाण्याच्या तयारीने जमले. हुकूम मोडायचा की पाळायचा, यावर आपण वर्गाचे दोन भाग केलेत आणि जी मुले तावातावाने ‘मोडायचाच’ म्हणत होती, त्यांनाच नेमके उलट बाजूने बोलायला लावलेत. बाबासाहेबांनी अखेर सत्याग्रह तहकूब केला आणि तळ्याभोवती शांततेने मिरवणूक निघाली, हे आपण चर्चा संपेपर्यंत सांगितले नाहीत. त्यामुळे चळवळीतली माघार ही पराभवाहून वेगळी असू शकते, हे मुलांनी स्वतःच बोलून दाखवले. ज्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, त्याच परिषदेने न्यायालयाचा हुकूम पाळला, ही गोष्ट मीही इतकी वर्षे अशी शेजारी-शेजारी ठेवून कधी शिकवली नव्हती.

खटल्याचा भाग रूक्ष होईल, अशी मला धास्ती होती. वादींचे म्हणणे, अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट पूर्वापार आहे; तेव्हा ती सिद्ध करण्याची जबाबदारीही वादींचीच, एवढे सांगून आपण वर्गालाच प्रतिवादीचे वकील केलेत. कोणी नगरपालिकेचे दप्तर मागवले, कोणी गावातल्या म्हाताऱ्यांना साक्षीला बोलावले. शेवटच्या बाकावरच्या, एरवी हजेरीपुरत्याच बोलणाऱ्या एका मुलीने विचारले, की मुसलमान तेथे पाणी भरत असतील तर शुद्धतेचा मुद्दा उरतोच कुठे? तेव्हा आपण चष्मा काढून तिच्याकडे पाहिलेत आणि हा मुद्दा न्यायालयासमोरही होता, असे सांगितलेत. त्या मुलीने पुढच्या शनिवारी पहिला बाक धरला. १९३१ चा निकाल, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातील अपील आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने वहिवाट शाबीत झाली नाही असा दिलेला निर्णय, हे सारे मग मुले क्रिकेटच्या सामन्याप्रमाणे ऐकत होती. (तो निर्णय देणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना शिक्षा सुनावणारेच, हे कळल्यावर मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतही बराच वाद रंगला.)

सहामाहीच्या उत्तरपत्रिकांत चळवळीची वैशिष्ट्ये मुलांनी पुस्तकातलीच लिहिली होती. सराव परीक्षेत मात्र अनेकांनी ठराव, वर्गणी, स्वयंसेवक, तारखा आणि अपील यांचा उल्लेख केला, आणि एकाने सुरेंद्रनाथ टिपणीस व अनंतराव चित्रे यांची नावे घेऊन, वरच्या जातीतील माणसे या लढ्यात का उतरली असतील, यावर पुरवणी जोडली. मंडळाच्या परीक्षेत तिला जादा गुण मिळतील असे नाही; मी दिले.

निकालपत्राची आपण दिलेली प्रत, समासातल्या आपल्या पेन्सिलच्या खुणांसह, ग्रंथालयात नोंदवून घेतली आहे. ‘ब’ तुकडीच्या बाईंनी ती आधीच नेली असून, येत्या वर्षीचे आपले शनिवार त्यांच्या वर्गाला मिळतील का, असे त्यांनी माझ्यामार्फत विचारले आहे. प्रकृतीला झेपेल तेवढेच कबूल करावे; आपल्याला न्यायला-आणायला आमचे शिपाईमामा येतील.

आपली कृतज्ञ,
इतिहास-राज्यशास्त्र शिक्षिका, दहावी ‘अ’