आवाज फुटलेल्या मुलांना समूहगानातून काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ ऑगस्ट जवळ आला की शाळा, संस्था आणि मंडळे समूहगीतांच्या तयारीला लागतात, आणि दर वर्षी आठवी-नववीतली काही मुले पहिल्या आठवड्यातच बाजूला पडतात. आवाज फुटलेला असतो, सूर लागत नाही, म्हणून ‘तू मागे उभा राहा, नुसते ओठ हलव’ असे सांगितले जाते, नाहीतर हातात झेंडा दिला जातो. यातली बरीच मुले पुन्हा गायला येत नाहीत. त्यांच्या गळ्यात दोष नसतो, गाणे त्यांच्या गळ्याला सोयीचे बसवलेले नसते. वस्तीत, संस्थेत गानपथक चालवणाऱ्यांना हे सुधारता येते, म्हणून हे पत्र.

साधारण १२ ते १५ या वयात मुलग्यांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. तो स्थिरावेपर्यंत मुलाच्या हाताशी जेमतेम एका सप्तकाचा पल्ला असतो, काहींना तर पाच-सहाच स्वर. आता समूहगीत बहुधा मुलींच्या सोयीने काळी चारमध्ये (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) बसवतात आणि अंतऱ्यात ते तार षड्जाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘सा’ला जाते. या मुलाला तो तार षड्ज मिळत नाही. एक सप्तक खाली उतरून गायला गेला, तर ध्रुवपदातले खालचे स्वर ऐकूच येत नाहीत. मग तो मधलाच कुठलातरी सूर धरतो आणि आपण त्याला बेसूर ठरवतो.

यासाठी पट्टी बदलण्याची गरज नाही, दुसरा आवाज, म्हणजे मुख्य चालीबरोबरच खालून गायची वेगळी ओळ, बांधावा. काळी चारमध्येच मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला ‘प’) ते मध्य पंचम (मधल्या सप्तकातला ‘प’) एवढ्यात फिरणारी ओळ बहुतेक फुटत्या आवाजांना पेलते. ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांना सा ते प दिले तरी चालते. सुरुवातीचे दोन आठवडे या गटाने नुसता षड्ज धरावा. मग ध्रुवपदातले दोन-तीन शब्द षड्ज-पंचमावर तालात म्हणावेत. ते पक्के झाले की मुख्य चालीच्या खालून चालावे: वर ग-म-प असेल तर खाली सा-रे-ग, वर तार षड्जावर मुक्काम असेल तर खाली गंधार (ग) किंवा पंचम. रागावर बांधलेल्या चालीत रागाबाहेरचा स्वर येऊ लागला की सरळ षड्जावर परतावे. गोव्यातला मांडो हा कोकणी गीतप्रकार असाच दोन आवाजांत गातात. तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना स्वरलेखन वाचायला शिकवत, त्यामुळे दुसरा आवाज हा तिथे ज्याच्या-त्याच्या कानावरचा संस्कार झाला. आपल्याकडे संगीतकार वसंत देसाईंनी ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमातून शाळकरी मुलांना मोठ्या संख्येने एका सुरात गायला लावले. त्याच्या पुढची पायरी आपण मनावर घेतलेली नाही.

दुसरा आवाज फसतो तो दोन कारणांनी. मुख्य चाल आधी शिकवली की ती कानात बसते आणि खालचा गट दोन ओळींतच तिकडे घसरतो. म्हणून खालची ओळ आधी, आणि ती सर्वांना शिकवावी. दुसरे कारण पेटी. पेटीवाला मुख्य चाल जोरात वाजवतो, खालचा आवाज बुडतो. तालमीत पेटीवर खालचीच ओळ वाजवा आणि नंतर पेटी बंद करून तंबोऱ्यावर गाऊन घ्या. पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, त्यामुळे दोन आवाजांचा मेळ तंबोऱ्यावर जास्त गोड लागतो. गाणे संपल्यावर मात्र षड्ज पेटीवर तपासा. सूर उतरलेला असेल तर तो बहुधा अवरोही ओळीत किंवा एकाच स्वरावर रेंगाळणाऱ्या शब्दांत उतरलेला असतो. तेवढीच जागा पुन्हा घ्या, सगळे गाणे नको.

तयार ट्रॅकवर गाण्याची पद्धत आम्हाला सर्वांत घातक वाटते. पट्टी आणि लय दोन्ही ठरलेली, आणि स्पीकर इतका मोठा की मुलांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही; मग ती ओरडतात. प्रभातफेरीत घोषणा देऊन आलेली मुले लगेच मंचावर उभी करणे हाही तसाच प्रकार. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर घरगुती काढ्यावर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

उच्चारांचेही एक सांगण्यासारखे आहे. चाळीस मुले ‘आकाश’ म्हणतात तेव्हा शेवटचा ‘श’ चाळीस वेळा, मागेपुढे ऐकू येतो आणि फुसफुस होते. तो ‘श’ प्रत्येक रांगेत एकानेच म्हणावा, बाकीच्यांनी ‘आका’वर थांबावे. ऐकणाऱ्याला शब्द स्वच्छ पोचतो. लांब ओळीत शेजारच्या दोघांनी एकदम श्वास घेऊ नये, आणि घ्यायचा तो दोन शब्दांच्या मध्ये न घेता लांबवलेल्या स्वरात हळूच घ्यावा.

हे सगळे एका शिक्षकाला झेपत नाही. दर आठ-दहा मुलांमागे सोळा-सतरा वर्षांचा एक गटप्रमुख हवा. सगळ्यात गोड गळ्याचा मुलगा किंवा मुलगी निवडण्याचा मोह आवरा. ज्याला दुसऱ्याचा सूर ऐकू येतो आणि जो वेळेवर येतो तो निवडा. हजेरी, सुरुवातीचा सूर देणे, महिन्यातून एकदा गटातल्या प्रत्येकाकडून जोडीने गाऊन घेणे आणि एखादे गाणे स्वतः हात देऊन चालवणे, ही त्याची कामे. फुटत्या आवाजाच्या मुलांचा गट मागच्या रांगेत न ठेवता त्याच्याजवळ पुढे बसवावा. तरुणांवर अशी जबाबदारी टाकण्याची परंपरा आपल्याकडे आहे. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके घडले.

स्पर्धा भरवणाऱ्यांना तीन विनंत्या आहेत. ट्रॅकला मनाई करावी. दुसऱ्या आवाजासाठी वेगळे गुण ठेवावेत. आणि नियमपत्रिका जुलैच्या शेवटी न देता जूनमध्ये, शाळा उघडतानाच द्यावी, म्हणजे खालची ओळ बसवायला वेळ मिळेल.

आपले,
समूहगान पथकांचे काही मार्गदर्शक
पुणे