ओमाहाहून सतरा वेळा परत

टॅलाहासी,
8 जून 2025

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तू फोन ठेवलास आणि मी बराच वेळ स्वयंपाकघरातच बसून राहिलो. तू कोच आहेस ती बेसबॉल टीम शेवटच्या इनिंगमध्ये हरली याचं वाईट वाटलंच. पण जाता जाता तू जे बोललास ते मनातून जाईना. "बाबा, तीन वर्षं झाली. हातात काय आलं?" हे वाक्य तुझं नाही रे. ते माझं आहे. सहा वर्षांपूर्वी याच घरात, टीव्हीसमोर बसून मी ते बोललो होतो आणि तू एक शब्दही न बोलता उठून गेला होतास.

तारीख माझ्या लक्षात आहे, कारण ती स्कोअरबुकात माझ्याच हातची लिहिलेली आहे. 19 जून 2019. ओमाहात, जिथे दर वर्षी कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय अंतिम फेरी होते, आपल्या गावच्या विद्यापीठाची टीम फ्लोरिडा स्टेट टेक्सास टेककडून 4-1 अशी हरली आणि कोच माइक मार्टिन यांची शेवटची मॅच संपली. मी पेन बंद केलं आणि म्हणालो, "चाळीस वर्षं घातली माणसानं, आणि शेवटी हातात काय आलं?" तू तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. तुला राग आला हे मला कळलं, पण का आला ते कळलं नाही. आज हे पत्र लिहितोय ते ते वाक्य परत घ्यायला. ते तुझ्यापर्यंत पोचून तुझं होऊन बसलं असेल तर त्याला मी जबाबदार आहे.

मी 1998 साली इथे नोकरीला आलो तेव्हा मला बेसबॉलमधलं काहीही कळत नव्हतं. पुढच्या जूनमधल्या एका सोमवारी ऑफिसात गेलो तर सुतक असल्यासारखी शांतता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, शनिवारी आपण फायनल हरलो, मायामीकडून, 6-5. एका रनानं. मला वाटलं, एका कॉलेजच्या पोरांची मॅच, तिचं एवढं काय? मग त्या म्हणाल्या की याआधी 1986 मध्येही मार्टिन यांची टीम फायनलला गेली होती आणि ॲरिझोनाकडून हरली होती. तेरा वर्षांपूर्वीचा स्कोअरसुद्धा त्यांना पाठ होता, 10-2. या गावाचं दुखणं कुठे आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

खेळ मात्र मला तूच शिकवलास. आठ वर्षांचा होतास, पाय खालच्या बाकापर्यंत पोचत नव्हते, आणि मला सांगत होतास की स्कोअरबुकात प्रत्येक जागेला आकडा असतो: बॉल टाकणारा पिचर म्हणजे 1, बॅटरमागे बसणारा कॅचर म्हणजे 2, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप म्हणजे 6. चार बॉल पट्ट्याबाहेर पडले की बॅटरनं बॅट न लावता पहिल्या बेसवर चालत जायचं. तेवढं मला लगेच आवडलं. इचलकरंजीला आमचे सर ऑफस्टंपबाहेरचा बॉल सोडायला शिकवायचे आणि नेमका तोच बॉल आम्हाला सोडवत नसे. इथे पाहतो तर मार्टिन यांच्या टीमची ओळखच ती. त्यांचे बॅटर बॉल सोडायचे. समोरचा पिचर दमायचा, त्याचे शंभर बॉल सहाव्या इनिंगलाच होऊन जायचे, आणि आपली पोरं एकामागून एक चालत बेसवर. प्रेक्षकांना ते कंटाळवाणं वाटायचं. मला मात्र तेच बघत बसावंसं वाटे. वीस वर्षांच्या, अंगात वारं भरलेल्या पोराला हात आवरायला शिकवणं, आणि दर वर्षी नव्या पोरांना ते पहिल्यापासून शिकवणं, हे केवढं काम आहे ते मला तू कोच झाल्यावर कळलं.

नव्या पोरांना, हे मी मुद्दाम लिहितोय. मोठ्या क्लबचा कोच एखादा खेळाडू दहा वर्षं जवळ ठेवू शकतो. कॉलेजच्या कोचचं तसं नसतं. चांगला पोरगा तिसऱ्या वर्षानंतर ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक क्लबांच्या निवडीत, जातो, त्याहून चांगला तर शाळेतूनच परस्पर जातो आणि तुमच्याकडे येतच नाही. म्हणजे दर तीन वर्षांनी घर नव्यानं बांधायचं. त्या काळी बेसबॉलच्या पूर्ण टीमला शिष्यवृत्त्या मिळून 11.7 असायच्या आणि त्या 27 पोरांपर्यंत वाटायच्या. कुणाला अर्धी, कुणाला पाव. सतरा वर्षांच्या मुलाच्या आईबापांना त्यांच्याच बैठकीच्या खोलीत बसून "तुमच्या मुलाला अर्धीच देता येईल, पण पाठवा" म्हणायचं. मार्टिन यांनी हे चाळीस वर्षं केलं. 1980 ते 2019.

आता 12 मे 2008 चं पान. मी ते काल परत उघडलं. सव्हाना स्टेटविरुद्धची मॅच. आपल्या टीममधल्या बस्टर पोझीच्या नावापुढे तुझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात एका रांगेत नऊच्या नऊ आकडे आहेत, कारण त्या संध्याकाळी तो मैदानातल्या सगळ्या नऊ जागांवर खेळला आणि वर ग्रँड स्लॅमही, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होम रन, मारला. तू प्रत्येक इनिंगला ओरडून सांगत होतास, "बाबा, आता 8! बाबा, आता 1!" मी ती एक गंमत म्हणून लक्षात ठेवली होती. पण त्यामागची हकिकत जास्त मोलाची आहे. पोझी आला तो शॉर्टस्टॉप म्हणून. पहिलं वर्षभर तिथेच खेळला. शॉर्टस्टॉप म्हणजे टीमची शान. 2007 मध्ये मार्टिन आणि त्यांच्या साहाय्यकांनी त्याला उचलून कॅचर केलं. उकिडवं बसायचं, तोंडावर जाळी, गुडघ्यांची वाट, दर बॉलला अंग मध्ये घालायचं. मी त्याचा बाप असतो तर कोचला जाब विचारायला गेलो असतो, हे खरं सांगतो. वर्षभरात तो देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, 2008 च्या ड्राफ्टमध्ये पाचवा निवडला गेला, आणि सॅन फ्रान्सिस्कोकडून कॅचर म्हणून 2010, 2012 आणि 2014 अशा तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलची विजेतेपदं, जिंकला. ज्या कोचच्या वाट्याला एकही राष्ट्रीय विजेतेपद आलं नाही, त्याच्या नजरेनं दुसऱ्याच्या गळ्यात तीन घातली.

आकडे तुला माहीत आहेत, तरी लिहितो. माझी हयात आकड्यांत गेली आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. 2,029 विजय. कॉलेज बेसबॉलमध्ये कुणाचेही नाहीत एवढे. चाळीस हंगामांत एकही हंगाम असा नाही की 40 पेक्षा कमी मॅच जिंकल्या, आणि एकही असा नाही की राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नाही. सतरा वेळा ओमाहा. खेळाडू म्हणूनही ते 1965 मध्ये तिथे जाऊन आले होते, म्हणजे ती वाट त्यांच्या पायाखालची होती. आणि सतराही वेळा परत.

मी 2019 मध्ये या सगळ्याची वजाबाकी केली आणि उत्तर शून्य काढलं. पण एक आकडा मी कधी नीट पाहिलाच नव्हता. 736. एवढ्या मॅच ते हरले. माझ्या अंदाजानं कॉलेज बेसबॉलमध्ये फार थोडे कोच एवढ्या मॅच हरले असतील, कारण एवढं हरायला तितकी वर्षं कुणी उभंच राहू देत नाही. यातला प्रत्येक पराभव झाल्यावर बसमध्ये बसून पोरांशी काय बोलायचं हे त्यांना ठरवावं लागलं असेल. दुसऱ्या दिवशी बहुधा पुन्हा मॅचच असते.

2018 आठव. 5 मे रोजी त्यांनी कोच ऑगी गारिडो यांचा 1,975 विजयांचा विक्रम मोडला. महिनाभरात स्पर्धेची पहिली फेरी आपल्याच गावात, ज्या मैदानाला 2005 पासून त्यांचंच नाव आहे त्या मैदानावर. तिथे लागोपाठ दोन मॅच हरलो, दुसरी मिसिसिपी स्टेटच्या शेवटच्या इनिंगमधल्या होम रननं. आपण दोघं तिथे होतो. गाडीत तू रडलास आणि मी रेडिओ बंद केला. ते 74 वर्षांचे होते, विक्रम खिशात होता, घरी बसले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते म्हणाले, अजून एक हंगाम.

तो शेवटचा हंगाम बरा नव्हताच. राष्ट्रीय स्पर्धेआधी 36 विजय, 21 पराभव, आणि स्पर्धेत घेतात की नाही अशी अवस्था. घेतलं, अगदी कडेनं. मग अथेन्समध्ये तीन मॅच जिंकल्या, त्यातल्या दोन यजमान जॉर्जियाविरुद्ध. बॅटन रूजला जाऊन एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेटला, दोनदा, त्यातली दुसरी मॅच 12 इनिंगपर्यंत. त्या हंगामातला चाळिसावा विजय कुठे आला माहितीये? बॅटन रूजच्या पहिल्या मॅचला. चाळिसाची चाळीस वर्षांची परंपरा, आणि ती टिकली ती अशी अगदी काठावर. ओमाहात आर्कन्सॉला 1-0. मग मिशिगनकडून 2-0 असा पराभव, मग टेक्सास टेक. आणि मग माझं ते वाक्य.

त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा तीन हंगाम कोच होता. मग आला लिंक जॅरेट, नव्वदच्या दशकात मार्टिन यांच्याच हाताखाली शॉर्टस्टॉप खेळलेला. 2023 मध्ये, त्याच्या पहिल्या वर्षी, टीमला स्पर्धेत जागासुद्धा मिळाली नाही. 1977 नंतर असं पहिल्यांदाच झालं. तेव्हा मला कळलं की आपण इतकी वर्षं ज्याला "नेहमीचंच" म्हणत होतो ते नेहमीचं नव्हतं. कुणीतरी दर वर्षी ते करत होतं म्हणून ते व्हायचं.

1 फेब्रुवारी 2024 ला मार्टिन गेले. ऐंशी पूर्ण व्हायला अकरा दिवस होते. शेवटी शेवटी स्मृतिभ्रंशाच्या आजारानं त्यांना घेरलं होतं. हंगाम सुरू व्हायला दोन आठवडे बाकी होते. त्याच हंगामात, जूनमध्ये, जॅरेटनं टीम पुन्हा ओमाहाला नेली. मी एकटाच टीव्ही लावून बसलो होतो, तू तुझ्या टीमबरोबर होतास. स्कोअरबुक उघडलं आणि पहिल्या पानावर नावं लिहिताना हात थांबला. जॅरेटची पोरं मार्टिन यांच्या हाताखाली कधी खेळली नव्हती. तरी ती बॉल सोडताना दिसली की मला ते मार्टिन यांचंच काम वाटत होतं.

आता तुझ्याबद्दल. एप्रिलमध्ये आम्ही दोघं तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तुमच्या त्या डावखुऱ्या पहिल्या वर्षाच्या पिचरनं लागोपाठ तीन जणांना चालत बेसवर पाठवलं होतं. तू डगआउटमधून, म्हणजे टीमच्या बाकावरून, निघालास, सावकाश. त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोललास आणि तो हसला. पुढचा बॅटर आउट झाला. मी तुला रात्री जेवताना विचारलं, काय म्हणालास? तू म्हणालास, "ते त्याचं आणि माझं." आईनं माझ्याकडे पाहिलं. तू लहानपणी आम्हाला सगळं सांगायचास. आता तुझ्याकडे दुसऱ्या कुणाची तरी ठेव आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आणि रविवारी फोनवर "हातात काय आलं" म्हणण्याआधी दहा मिनिटं तू मला काय सांगत होतास ते तुला आठवतं का? त्याच पोराचं सांगत होतास. त्याचं कोपर थोडं खाली येतंय, उन्हाळ्यात तेवढं सुधारलं की फेब्रुवारीत तो पहिल्या इनिंगपासून टाकेल. हरल्याला दोन तास झाले नव्हते आणि तू फेब्रुवारीत होतास.

सोडायचं असेल तर सोड. मी खरंच म्हणतोय. पगार पुरत नाही म्हणून सोड, लग्न करून एका जागी राहायचंय म्हणून सोड, बसमधल्या झोपेनं पाठ धरलीय म्हणून सोड. यातल्या कुठल्याही कारणाला मी आणि आई दोघं तुझ्या मागे आहोत. फक्त माझं ते वाक्य कारण म्हणून वापरू नकोस. ते मी सोफ्यावर बसून, खेळ अर्धवट समजलेला असताना बोललो होतो.

सोबत स्कोअरबुकं पाठवतोय, 2008 ची आणि 2019 ची. 2019 च्या वहीत शेवटच्या मॅचनंतर बरीच पानं कोरी आहेत. ती मी कधी वापरली नाहीत. आईनं त्याच खोक्यात भडंग घातलंय, पिशवी नीट बघून फोड, मागच्या वेळी पुस्तकांना तेल लागलं होतं.

फेब्रुवारीतली तुमची पहिली मॅच घरच्या मैदानावर आहे की बाहेर, तेवढं कळव. मला रजा आधी टाकावी लागते. येताना ती 2019 ची वही तुझ्याकडून परत घेईन, आणि त्या डावखुऱ्याचं नाव कसं लिहायचं तेही विचारून ठेव. मला पहिल्या ओळीत लिहायचंय.

तुझा,
बाबा