काडतूस मुळात कागदाचे

महोदय,

‘गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त’ अशी बातमी आपल्या अंकात अधूनमधून असतेच. त्यातल्या ‘काडतूस’ या शब्दाची गोष्ट वाचकांपर्यंत पोहोचावी, असे मनापासून वाटते.

हा शब्द मुळात कागदाचा. लॅटिन ‘कार्टा’ म्हणजे कागद. त्यावरून इटालियन ‘कार्तोच्चो’, कागदाची सुरळी. फ्रेंच ‘कार्तूश’ आणि इंग्रजी ‘कार्ट्रिज’ त्याच कुळातले. मराठीत तो पगार, चावी, घमेले यांच्यासारखा पोर्तुगीजांकडून आला. १८५७ साली एन्फिल्ड बंदुकीचे काडतूस कागदाचेच होते. आत मोजून भरलेली दारू आणि गोळी, बाहेरून चरबीचा हात. टोक दातांनी तोडायचे. ती चरबी गाईची आणि डुकराची असल्याच्या संशयावरून मेरठच्या ८५ शिपायांनी काडतुसे घ्यायला नकार दिला. पितळी काडतुसे सर्रास झाली ती नंतर.

मी चित्रकला शिक्षक. एलिमेंटरीच्या मुलांना ‘कार्ट्रिज पेपर आणा’ असे वर्षानुवर्षे सांगतो. खोडरबर चार वेळा फिरवला तरी न फाटणारा हा जाड, किंचित खरखरीत कागद. त्याला हे नाव मिळाले ते काडतुसे वळायला तो वापरत म्हणून. प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये दारूच्या जागी शाई आली, एवढेच.

गेल्या आठवड्यात वर्गात हे सांगितले, तर पहिल्या बाकावरच्या मुलीने लगेच उरलेल्या कागदाची सुरळी वळली आणि तिचे टोक दातांत धरून पाहिले.

– एक चित्रकला शिक्षक, सातारा