रंगावर जाऊ नका, फूल चिरून पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बागकामाच्या सदरात एंजल्स ट्रम्पेट, म्हणजे ब्रुगमॅन्सिया या कर्ण्यासारखी लोंबती फुलं येणाऱ्या झाडावर लेख आला, आनंद झाला. पण ‘आवडेल त्या रंगाचा संकर निवडा’ हा त्यातला सल्ला मला पटला नाही. ही झाडं माझ्या अंगणात बरीच वर्षं आहेत, म्हणून लिहिते.

या झाडात सर्वांत बेभरवशाचा असतो तो रंगच. व्हर्सिकलर जातीचा अंश असलेलं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं आणि एक-दोन दिवसांत पीच किंवा गुलाबी होतं. एकाच फांदीवर दोन रंग पाहून आल्यागेल्याला वाटतं, दोन कलमं एकत्र बांधली आहेत. शिवाय आपल्या मे महिन्यात जो गुलाबी फिकट वाटतो, तोच दिवाळीनंतरच्या गार रात्रींत चांगला खुलतो.

झाडात कोणत्या जातीचा अंश आहे हे ओळखायचं तर गळायला आलेलं एक फूल घ्या आणि ब्लेडने उभं चिरा. पाचही परागकोश एकमेकांना चिकटून असतील तर सुआव्हेओलेन्स जातीचा वारसा धरा. ऑरिया आणि व्हर्सिकलर या जातींमध्ये ते सुटे असतात. मग नळी पाहा. व्हर्सिकलरची अरुंद नळी हिरव्या वेष्टनाच्या बरीच बाहेर येते आणि फूल अगदी सरळ खाली लोंबतं. सुआव्हेओलेन्सची अरुंद नळी वेष्टनातच लपते आणि फूल तिरकं राहतं. ऑरिया आणि व्हर्सिकलरचा संकर तो कॅन्डिडा, सुआव्हेओलेन्स आणि व्हर्सिकलरचा तो इन्सिग्निस. आज बागांत मिळणारी बरीचशी झाडं पुन्हा पुन्हा संकर झालेली, त्यामुळे खुणा सरमिसळ दिसतात. एकाच खुणेवर निकाल देऊ नये. धोतऱ्याशी मात्र गल्लत व्हायचं कारण नाही. त्याचं फूल वर तोंड करून उभं असतं आणि फळाला सहसा काटे असतात, याचं फळ गुळगुळीत.

निवडीचं म्हणाल तर इंदूरला लालभडक सँग्विनियाच्या मोहात पडू नये. ती अँडीज पर्वतातल्या उंचावरच्या गारव्याची जात, तिला वासही नाही. आपल्याकडे वरच्या तीन जातींचे संकरच बरे, तेही दुपारची सावली आणि उन्हाळ्यात भरपूर पाणी मिळालं तर. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, म्हणून मी वाफा उंच करते आणि रेती व शेणखत मिसळते. बियांपासूनचं प्रत्येक रोप वेगळं निघतं. त्याला निदान दोन मोसम द्यावेत. पानांवर लाल कोळी ही कीड किती चढते, खोडाला पहिला फाटा किती उंचीवर फुटतो (फुलं त्याच्या वरच धरतात), पहिल्या बहरानंतर पुन्हा कळ्या येतात का आणि दिवेलागणीला वास अंगणभर पसरतो का, हे मी पाहते. यात उतरलेल्या झाडाची फाट्यावरची फांदी लावावी; फूल हुबेहूब तेच येतं आणि लवकरही येतं.

आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नोंदीनुसार ब्रुगमॅन्सियाच्या सर्व जाती आज रानातून नामशेष आहेत, उरल्या त्या माणसांनी लावल्या म्हणून. असं असताना शहरातल्या एका नर्सरीत बियांची रोपं ‘गुलाबी डबल’ म्हणून विकली गेली आणि फुलं आली पांढरी, एकेरी, याचं मला फार वाईट वाटतं. रोप बियांचं की फांदीचं आणि मातृवृक्ष कोणता, एवढं तरी चिठ्ठीवर लिहायला हवं.

शेवटी एक विनंती. हे झाड मुळापासून बीपर्यंत विषारी आहे, ही सूचना पुढच्या अंकात ठळक छापावी. यात स्कोपोलामाइन आणि ॲट्रोपीन असतं. छाटणीनंतर चिकाचा हात डोळ्याला लागला तरी बाहुली मोठी होऊन धूसर दिसू लागतं. लहान मुलं, गाय किंवा कुत्रा असलेल्या घरी ते कुंपणाजवळ लावू नये, आणि छाटलेल्या फांद्या रस्त्यावर टाकू नयेत.

आपली,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर